एक एकर धान रोज किती कार्बन ओढतं? माझा आकडा ९६० किलो, एजंटचा २०० किलो

मौदा_पॅसेंजर | २४ ऑगस्ट, रात्री ९:५०

राहतो नागपुरात, मानेवाड्याला. शेत मौदा तालुक्यात, पेंचच्या कालव्यावर, अडीच एकर. पाहतो भाऊ, मी शनिवार-रविवार जाऊन धुऱ्यावर उभा राहतो आणि न मागितलेले सल्ले देतो. यंदा एचएमटी जातीचं धान आहे, रोवणी १८ जुलैला आटोपली.

मागच्या आठवड्यात गावात एक जण येऊन गेला. कार्बन क्रेडिटचं काम करतो म्हणे. सात-आठ जणांना बसवून सांगितलं की एक एकर धान रोज २०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून ओढतं, १२० दिवसांत २४ टन, त्याचे पैसे येतात, इथं सही करा. भाऊ म्हणाला, तू सायन्सवाला ना, पाहून सांग.

माझी भाची कृषीला एमएस्सी करून राहिली. तिच्याकडे पानाला चिमट्यासारखं लावायचं यंत्र आहे. रविवारी सकाळी साडेदहाला तिनं आमच्या बांधीत पाच-सहा पानं चिमटीत धरली. सरासरी आली २५ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड, दर चौरस मीटर पानाला, दर सेकंदाला. मग मी बसलो वही घेऊन:

२५ मायक्रोमोल × ४४ (कार्बन डायऑक्साइडचा रेणूभार) = १.१ मिलिग्रॅम दर सेकंदाला. दिवस १२ तासांचा, म्हणजे ४३,२०० सेकंद. झाले ४७.५ ग्रॅम. जमिनीच्या एका चौरस मीटरवर पानं असतात पाच चौरस मीटर (हे पुस्तकातून घेतलं). झाले २३७ ग्रॅम. एकरात ४,०४७ चौरस मीटर. उत्तर ९६० किलो!

आता एजंटला खोटारडा म्हणावं तर तो माझ्यापेक्षा पाचपट कमी सांगून राहिला. माझं कुठं चुकलं?

तर्री_जास्त | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

उलटा हिशोब करून पाहा ना भाऊ. ९६० किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन किती? १२ भागिले ४४, म्हणजे २६२ किलो. वाळलेल्या झाडात कार्बन साधारण ४० टक्के धरला तर रोज ६५५ किलो सुकं वजन वाढायला पाहिजे. एकरी साडेसहा क्विंटल, रोज! आठवडाभरात तुम्हाला बांधीत शिरता येणार नाही, कुऱ्हाड लागेल.

बांधीवरून | २४ ऑगस्ट, रात्री १०:४१

आमच्याकडे लाखांदूरला असं धान असतं तर मी आज इथं टाइप करत बसलो नसतो 😄

लघुगणक | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

चूक एक नाही, तीन-चार आहेत आणि सगळ्या एकाच दिशेच्या आहेत, म्हणून आकडा इतका फुगला.

पहिली गोष्ट, भाचीला विचारा की यंत्राचा दिवा किती वर होता. ही यंत्रं चिमटीतल्या पानावर स्वतःचा प्रकाश पाडतात. बाहेर आभाळ असलं तरी पानाला आत भर दुपार. म्हणजे २५ हा आकडा त्या पानाच्या ऐपतीचा झाला. त्या वेळी बांधीत ते पान प्रत्यक्षात काय कमावत होतं, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी, पाच चौरस मीटर पानं आहेत म्हणून पाचपट नाही. पानं एकाखाली एक आहेत. वरचं पान ऊन खातं, खालच्याला उष्टं मिळतं. प्रकाश खाली जाताना घातांकी घटतो. धानाला त्याचा गुणांक साधारण ०.४ ते ०.६ धरतात. ०.५ घेतला आणि पानांचं क्षेत्र पाचपट असलं तर जमिनीशी पोहोचतो फक्त ८ टक्के प्रकाश. तळाची पानं जेमतेम स्वतःचा खर्च भागवतात. सगळ्या थरांची बेरीज केली तर पूर्ण उन्हातल्या १.८४ थरांइतकं काम होतं. ५ च्या जागी १.८४ टाका. ९६० चे ३५४ झाले.

तिसरी, १२ तास सारखं ऊन नसतं. सूर्य चढतो, उतरतो. कमानीच्या आकाराचा दिवस धरला तर सरासरी शिखराच्या ०.६४ पट. ३५४ चे २२६ झाले.

हे ढोबळ आहे, आणि दोन्हीकडून ढोबळ. भर उन्हात वरच्या पानांचं पोट लवकर भरतं. धान हे ऊस-मक्यासारखं नाही, अर्ध्या-पाऊण उन्हाच्या पुढे त्याचा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे उतरत्या उन्हात माझा ०.६४ थोडा कंजूष ठरतो. पण गंमत बघा, २२६ म्हणजे एजंटच्या २०० च्या शेजारी येऊन बसलो आपण.

मौदा_पॅसेंजर | २५ ऑगस्ट, सकाळी ९:०५

भाचीला फोन केला. म्हणाली, "हो मामा, दिवा १५०० वर होता, बाहेर तर भुरभुर सुरू होती." हे आधी सांगायचं ना!

मग एजंट बरोबर?

सिंदेवाही_सोडून | २५ ऑगस्ट, दुपारी १:३०

नाही. लघुगणक यांनी जमेची बाजू लिहिली, खर्चाची राहिली. मी धानाच्या संशोधनात बरीच वर्षं काढली, आता नातवंडं सांभाळतो, म्हणून वेळ आहे. जरा लांब लिहितो.

झाड रात्री श्वास घेतं. दिवसाही घेतं, पण पानाचा दिवसाचा श्वास तुमच्या यंत्रानं आधीच वजा केलेला आहे. खोडाचा, मुळांचा आणि सगळ्यांचा रात्रीचा उरतो. एकूण ओढलेल्यातला ४० ते ५० टक्के कार्बन झाड असा परत हवेत सोडतं. २२६ मधून ४५ टक्के काढा, उरले १२४. हा आकडा कोणत्या दिवसाचा? पीक भरात आहे, पानं पाचपट आहेत आणि आकाश निरभ्र आहे अशा एका दिवसाचा. रोवणी होऊन तुम्हाला आज ३८ दिवस झाले. पानं पाचपट कुठली, तीनपट असली तरी पुष्कळ.

रात्रीचा खर्च तापमानावर चालतो. दहा अंश वाढले की श्वासाचा वेग साधारण दुप्पट. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या नोंदींवर २००४ मध्ये एक अभ्यास आला होता: कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की उत्पादन १० टक्क्यांनी घटलं. कारण निव्वळ श्वासच आहे असं त्यात सिद्ध झालेलं नाही, पण ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री उकडत राहिलं की जुनी माणसं "दाणा भरणार नाही" म्हणायची, ते उगाच नव्हतं.

आता हंगामाचा हिशोब करू. तुमच्याकडे एकरी किती होतं? १६ क्विंटल धरतो. त्यातला ओलावा काढला तर सुकं धान सुमारे १,३७५ किलो. दाणा हा जमिनीवरच्या एकूण वजनाच्या ४५ टक्के धरला तर तणसासकट (म्हणजे पेंढ्यासकट) ३,०५० किलो. मुळांचे दहा टक्क्यांच्या आसपास मिळवा, ३,४०० किलो. त्याचा ४० टक्के कार्बन आणि त्याला ३.६७ ने (४४ भागिले १२) गुणलं की झाले ५ टन कार्बन डायऑक्साइड. बांधीतले १०० दिवस धरले तर सरासरी रोज ५० किलो.

एजंटचे २४ टन कुठं आणि हे ५ टन कुठं! त्यानं सर्वांत चांगल्या दिवसाची ढोबळ कमाई घेतली, खर्च वजा केला नाही आणि तिला १२० नं गुणलं. माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पोळ्याच्या दिवशीच्या बैलावरून वर्षभराच्या बैलाची किंमत केली त्यानं.

अनुस्वार | २५ ऑगस्ट, दुपारी २:१०

४० टक्के का? लाकडासाठी तर ४५-५० धरतात.

सिंदेवाही_सोडून | २५ ऑगस्ट, दुपारी २:२५

सिलिका. धानाची पात हाताला कापते ना, ती त्यामुळेच. दाण्यावरचं टरफल जाळलं तर वजनाच्या पाचव्या भागाइतकी राख उरते, आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच. तिच्यात कार्बन नाही. म्हणून तणसाला ४० च्या थोडं खालीच धरावं, दाण्याला थोडं वर.

बांधीवरून | २५ ऑगस्ट, रात्री ८:५५

मले एक सांगा, ते ५ टन तरी राहतात कुठं? धान आपण खातो, तणस बैल खाते, उरलं ते चुलीत. सगळं पुन्हा हवेतच जाते का नाही? मंग पैसे काहाचे देऊन राहिला तो?

टॉवरवाली | २५ ऑगस्ट, रात्री ११:४०

बांधीवरून भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. वर्षभरात परत जाणाऱ्या कार्बनचे क्रेडिट कोणी शहाणा देत नाही. धानात खऱ्या क्रेडिटचा विषय मिथेनचा असतो. पाणी साचलेल्या चिखलात हवा नसते, तिथले जिवाणू मिथेन करतात, आणि धानाचं खोड आतून पोकळ असल्यानं तो नळीतून आल्यासारखा वर येतो. सतत पाणी भरलेल्या बांधीसाठी आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतला ढोबळ आकडा आहे हेक्टरी रोज १.३ किलो मिथेन. एकरी अर्धा किलो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो असं धरलं तर रोज १५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. पाणी आळीपाळीनं भरलं-आटवलं तर हा मिथेन बराच कमी होतो. एक भोकं पाडलेला पाइप बांधीत गाडायचा, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं, फक्त फुलोऱ्याच्या आठवड्यात आटू द्यायचं नाही. त्या एजंटला विचारा, तुमच्या कागदावर मिथेन आहे का? नसेल तर चहा पाजून पाठवा.

मूळ प्रश्नाकडे येते. मी काही हंगाम धानाच्या शेतातल्या टॉवरवर काम केलं आहे. पिकाच्या वर दोन-अडीच मीटरवर दोन यंत्रं असतात: एक हवा वर जाते की खाली, हे सेकंदाला दहा-वीस वेळा मोजतं, दुसरं तितक्याच वेळा त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड. खाली जाणाऱ्या हवेत जास्त आणि वर येणाऱ्या हवेत कमी असेल तर फरक पिकानं ठेवून घेतला. दर अर्ध्या तासाला एक आकडा. ऐकायला फार सुंदर. पण रात्री वारा पडला की यंत्र आंधळं होतं. पीक श्वास सोडतंय, तो हवेत वर येतच नाही, बांधीतच साचून राहतो. ते आकडे टाकून द्यावे लागतात आणि वाऱ्याच्या रात्रींवरून तापमान पाहून भरावे लागतात. शिवाय टॉवरच्या उंचीच्या शंभरपट लांबवर सारखं पीक लागतं. आपल्याकडे मध्येच कोणाची तूर, धुऱ्यावर आंबा, पलीकडे बोडी. मौद्याच्या अडीच एकरात टॉवर म्हणजे मुंगीवर हौदा.

हौसच असेल तर पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी करा, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, मीटरभर उंच, आत लहान पंखा आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर. भर उन्हात मिनिटभरात ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) ३८० वर आला तर हिशोब २७ मायक्रोमोलच्या आसपास जातो, तोही जमिनीच्या चौरस मीटरला, पानाच्या नव्हे. थरांची भानगडच संपली. मग काळं कापड टाकून पुन्हा मोजा, श्वास कळेल. दोन-तीन मिनिटांवर ठेवू नका, नागपूरच्या उन्हात आत वाफारा होतो.

सिंदेवाही_सोडून | २६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पेटी चांगलीच. पण तुमच्या हातात सगळ्यांत भरवशाची वस्तू तराजू आहे. दहा चुडं (एका जागी रोवलेल्या रोपांचे झुबके) मुळासकट उपटा, धुवा, वाळवा, तोला. दहा दिवसांनी दुसरी दहा. फरकाला दहानं भागा. ढग, रात्र, श्वास, खालची पानं, सगळं त्यात आपोआप आलं. झाडानं हिशोब करून ठेवलेलाच असतो.

मौदा_पॅसेंजर | १३ सप्टेंबर, रात्री ९:३०

केलं. १ सप्टेंबरला दहा चुडं, ११ ला दहा.

पहिल्या खेपेला मुळं धुतानाच अर्धा तास गेला. चिखल निघाला की बारीक मुळं त्याच्यासोबत निघतात. चाळणी धरली तरी काही वाहून गेलीच. मग गच्चीवर वाळत घातली. इतवारीतल्या एका सोनार मित्राचा जुना काटा आणला. संध्याकाळी १६८ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी सकाळी १७६! रात्रीतून हवेतला ओलावा पिऊन फुगली. भाची हसली आणि तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. ७० अंशांच्या ओव्हनमध्ये, लागोपाठ दोनदा तेच वजन येईपर्यंत. १४२ ग्रॅम. म्हणजे चुडामागे १४.२. दुसऱ्या खेपेची सरासरी १९.१.

फरक ४.९ ग्रॅम दहा दिवसांत, रोज ०.४९. रोवणीचं अंतर २० बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ३३ चुडं. रोज १६.३ ग्रॅम सुकं वजन, एकरी ९७ किलो कार्बन डायऑक्साइड. १२४ च्या खालीच आलं, बरं वाटलं.

बांधीवरून | १३ सप्टेंबर, रात्री ९:४४

३३ चुडं मोजले का लिहिले?

मौदा_पॅसेंजर | १३ सप्टेंबर, रात्री ९:४६

लिहिले.

बांधीवरून | १३ सप्टेंबर, रात्री ९:५२

मोजा. रोवणीच्या बाया दोरी धरून लावत नाहीत भाऊ. ठेक्याची रोवणी असली तर सायंकाळच्या बांधीत चुडं आणखी दूर जाते, कंबर दुखते ना त्यांची.

मौदा_पॅसेंजर | १४ सप्टेंबर, दुपारी ४:१०

मीटरभराची काड्यांची चौकट करून मोजलं. २७, २४, २९, २८, २७. सरासरी २७. भाऊ धुऱ्यावरून पाहून राहिला होता, म्हणाला, "मले विचारलं असतं तर सांगितलं असतं."

नवा आकडा ७८ किलो. २० टक्के एका दमात गेले.

लघुगणक | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

उन्हाकडून पडताळून पाहिलं. सप्टेंबरात ढगांमधून जमिनीवर रोज १५ मेगाज्यूल येतात असं धरू. त्यातला निम्मा प्रकाश पानांच्या कामाचा. तुमची पानं आता चारपट झाली असतील तर त्यातला ८६ टक्के अडतो: साडेसहा मेगाज्यूल. दर मेगाज्यूलमागे धान दोन-सव्वादोन ग्रॅम सुकं वजन करतं. १३ ते साडेचौदा ग्रॅम. तुमचं १३.२. मेळ बसला.

पण एवढ्यावर खूश होऊ नका. दहा चुडांत सर्वांत हलकं आणि सर्वांत भारी किती होतं?

मौदा_पॅसेंजर | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:४१

पहिल्या दहात ९ आणि २१.

लघुगणक | १४ सप्टेंबर, सायंकाळी ७:०५

मग विचलन, म्हणजे चुडांच्या वजनाचा सरासरीभोवतीचा पसारा, चारेक ग्रॅमचं. दहा चुडांच्या सरासरीत त्याची चूक १.२६, दोन खेपांच्या फरकात १.८. तुमचा फरकच ४.९ चा. म्हणजे ७८ मध्ये २९ इकडे किंवा तिकडे. मेळ बसला तो थोडा नशिबानं.

सिंदेवाही_सोडून | १४ सप्टेंबर, रात्री ८:००

उपाय सोपा आहे. उपटण्याआधी पन्नासेक चुडांचे फुटवे मोजा, सरासरी काढा, आणि सरासरीइतके फुटवे असलेलीच चुडं घ्या, तीस तरी. धुऱ्याजवळच्या दोन ओळी सोडा; तिथं ऊन जास्त, चूड माजतं.

आणि निसवल्यावर (लोंब्या बाहेर पडल्यावर) फक्त लोंबीचं वजन पाहून भुलू नका. दाण्यात जातं ते सगळं त्या दिवशीचं नसतं. निसवण्याआधी खोडात साठवलेलंही तिकडे सरकतं. पूर्ण चूडच तोला.

मौदा_पॅसेंजर | २ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

दुसरी फेरी झाली. १५ आणि २९ सप्टेंबर, प्रत्येकी तीस चुडं, फुटवे मोजून, बांधीच्या मधली. २०.६ वरून २८.१. रोज ०.५४ ग्रॅम, चौरस मीटरला १४.५, एकरी ८६ किलो कार्बन डायऑक्साइड. विचलन तीनवर आलं, म्हणजे लघुगणक यांच्या रीतीनं ९ इकडे-तिकडे.

एजंट परवा आला होता. मी विचारलं, २०० हे श्वास वजा करून की न करता? कागदावर मिथेन कुठं आहे? म्हणाला, वरून विचारून सांगतो. सही कोणीच केली नाही. दोघांनी चहा पाजला.

टॉवरवाली | २ ऑक्टोबर, दुपारी १२:०२

मस्त! आता लोंब्या भरायच्या काळातली तिसरी फेरी कराच, आकडा उतरताना दिसेल. पानं पिवळी पडायला लागली की उतार सुरू होतो.

मौदा_पॅसेंजर | २ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

ते आता जमत नाही. निसवण सुरू झाली आणि भावानं बांधीत पाय ठेवायची मनाई केली. आतापर्यंतची ८० चुडं म्हणजे तीन चौरस मीटर, म्हणजे सव्वा किलो धान, असा हिशोब त्यानं तोंडी करून दाखवला. माझ्याच रीतीनं. दिवाळीच्या वाटणीत कापणार म्हणून राहिला.